कोणाला सांगू नकोस हं

मागच्या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट. थंडी कडाक्याची म्हणून कलेक्टरसाहेबांच्या आदेशाने शाळांची वेळ पुढे सरकलेली, आम्ही दोघी कोपऱ्यावर व्हॅनची वाट बघत उभ्या, लेक तोंडातून वाफ काढत "आई बघ, मी पोह्याची कढई" असं करून राहिलेली (आम्ही इंदूरचे, आमच्याकडे पोरं वाफेवरच्या पोह्यांवरच वाढतात), आणि मी तिची कानटोपी खाली ओढता ओढता आवाज बारीक करून म्हटलं, "हे बघ, बड्डेचं शाळेत कोणाला सांगू नकोस हं."

"का?"

"असंच. सरप्राइज आहे."

"कोणाला सरप्राइज? मला तर माहितीये."

तेवढ्यात व्हॅन आली आणि मी सुटले. खरंच सुटले असंच वाटलं तेव्हा. खिडकीतून ती माझ्याकडे बघत होती, तोंड घट्ट मिटून, म्हणजे ओठ आत ओढून अगदी, जसं औषध नको असलं की करते तसं. मला हसूच आलं. किती गुणी पोर, सांगितलं की ऐकते.

तिला इथे चिऊ म्हणते, मोठी झाल्यावर आपल्या आईने आपल्याबद्दल काय काय लिहून ठेवलंय हे वाचून ती भडकायला नको. दुसरी जी मुलगी या गोष्टीत आहे तिचं नाव मैना ठेवते. खरं तर चिऊच्या जोडीला काऊ यायला हवा, पण ते का ठेवलं नाही ते पुढे येईलच.

तर यादी. चिऊला सहा पूर्ण होऊन सातवं लागणार होतं आणि या वेळी आपण घरी न करता त्या नव्या प्ले झोनमध्ये करू असं ठरलं, ठरलं म्हणजे मीच ठरवलं, कारण आधीच्या वर्षी घरी केलेल्या बड्डेनंतर सोफ्याच्या फटीतून मार्चपर्यंत पॉपकॉर्न निघत होते. प्ले झोनवाल्यांचं पॅकेज होतं, मुलामागे सातशे रुपये, वीस मुलांपर्यंत छोटा हॉल, विसाच्या वर एक जरी गेलं तरी मोठा हॉल आणि मोठ्या हॉलचं भाडं वेगळं. म्हणजे एकविसावं मूल आम्हाला सातशेला नाही, साडेचार हजारांना पडणार होतं. हे मी इतकं नीट सांगतेय कारण पुढे सहा महिने मी ज्यांना ज्यांना ही गोष्ट सांगितली त्यांना हाच हिशोब सांगितला, आणि हिशोब चुकीचा नव्हताच.

मी डायरीच्या मागच्या पानावर यादी करायला बसले. भावाची दोन, नणंदेचं एक, सुदामा नगरातल्या आमच्या गल्लीतली पाच, शाळेतली म्हणून नऊ-दहा, मग नवऱ्याने हळूच त्याच्या साहेबांच्या मुलाचं नाव घातलं, मग त्याच ऑफिसमधल्या दुसऱ्याचं घालावं लागलं कारण एकाला बोलावून दुसऱ्याला नाही कसं. चिऊने मध्येच येऊन स्वतःची यादी सांगितली होती, ती मी कौतुकाने त्याच पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलेली. व्हॅनवाले भैया, रामबागेतली आजी, मैना, गल्लीतला भुरा (हा कुत्रा आहे), आणि "तो मुलगा ज्याचा दात पडला". बस, पाच. त्यातल्या फक्त आजीला बोलावणं गेलं, आणि तीही मुलांमध्ये धरायची नव्हती म्हणून.

व्हॅनवाले भैया आणि भुरा राहिले ते समजू शकतं कोणीही. मैना राहिली. वीस झाले होते ना.

*

माझे बड्डे रामबागेतल्या वाड्यात झाले. लोकांना हे सांगितलं की ते लगेच म्हणतात, अहाहा, कसे दिवस होते, याद्या नाही काही नाही, आणि मीही बरीच वर्षं असंच म्हणत आले. संध्याकाळी आई सज्जात उभी राहून एक हाक मारायची, "चला रे सगळे", की वाड्यातली बारा-चौदा पोरं धडाधड जिना चढून वर. औक्षण, मग बिस्किटांचा चुरा करून कुकरमध्ये केलेला केक, खोपरा पॅटिस, शेव, शिकंजी किंवा रसना जे असेल ते. भेट म्हणून पेन नाहीतर कंपास, आणि एकदा मला एकाच दिवशी चार कंपास मिळाले होते, ते आईने वर्षभर दुसऱ्यांच्या बड्डेला पुढे सरकवले.

पण आता जरा नीट आठवलं तर, "सगळे" म्हणजे कोण? वाड्यातले सगळे. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या बाई होत्या, त्यांची मुलगी माझ्याच वयाची, रोज त्यांच्याबरोबर यायची आणि मी तिच्याबरोबर रोज सागरगोटे खेळायची. बड्डेच्या दिवशी ती कुठे असायची? स्वयंपाकघराच्या दारात. तिच्या हातात डिश द्यायचे, ती तिथेच उभ्याने खायची. तिला कोणी "तू येऊ नकोस" म्हटलं नव्हतं आणि "तू ये"ही कोणी म्हटलं नव्हतं. यादी तेव्हाही होतीच, लिहायची गरज नव्हती एवढंच, कारण ती सगळ्यांना पाठ होती. त्या मुलीला सुद्धा.

आईला मात्र बोलावण्याचं शास्त्र पक्कं येतं. तिच्या पिढीच्या बायकांना येतंच ते. चूलबंद आमंत्रण म्हणजे त्या घरची चूल त्या दिवशी पेटायची नाही, झाडून सगळ्यांनी जेवायला यायचं. घरटी एक म्हणजे घरातून एकानेच यायचं आणि त्यात कोणी अपमान मानायचा नाही, कारण तो हिशोब उघड असतो, तुम्हालाही एक आणि शेजारणीलाही एकच. लग्नात अक्षत द्यायला कोण जातं, फोनवर सांगितलेलं चालतं की दारात जाऊन सांगावं लागतं, यावर आमच्या नात्यात दोन घरं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. आणि एखादं बोलावणं राहूनच गेलं तर त्यालाही रीत होती, वडीलधारं कोणीतरी जायचं, "चुकलं आमचं, डोक्यात राहिलं नाही" असं म्हणायचं, समोरच्याने थोडं ताणायचं, चहा आधी नको म्हणायचा मग घ्यायचा, झालं. रुसव्याला जागा होती आणि तो काढायलाही. मोठ्यांच्या रुसव्याची इतकी साग्रसंगीत सोय केली आपण, मुलांच्या रुसव्याला मात्र "चल, आइस्क्रीम खाऊया".

मुलांचं खरं मानापमान नाट्य शाळेत व्हायचं, अजूनही होतं. बड्डेला रंगीत कपडे घालून जायचं, वर्गात टॉफ्या वाटायच्या, वर्गातल्या प्रत्येकाला एक, तिथे कसलाही भेदभाव नाही, टीचरला दोन. पण मग स्टाफरूममध्ये आणि दुसऱ्या सेक्शनमध्ये वाटायला जायचं तेव्हा बरोबर एकाला न्यायचं. एकालाच. तो क्षण! टीचर विचारणार, "कोणाला घेऊन जातेस?" आणि चाळीस पोरं पाठ ताठ करून, हात घडी घालून, जणू शहाणपणाची परीक्षा चाललीय अशी बसणार. चौथीत माझी जी जीवश्चकंठश्च मैत्रीण होती तिने तिच्या बड्डेला माझ्याकडे बघितलं, मी अर्धी उठलेसुद्धा, आणि तिने माझ्या मागच्या बाकावरच्या मुलीचं नाव घेतलं. मी तशी अर्धी उठलेली, मग पेन्सिल पडल्याचं नाटक करून खाली वाकले. आज मी सदतीस वर्षांची आहे, त्या शाळेतल्या एकाही पाठाचं नाव मला सांगता येणार नाही, पण त्या बाकाखालच्या फरशीचा रंग सांगते, तांबूस, मध्ये पांढरे ठिपके.

मी वाचलंय की हे असं का होतं यावर संशोधन करणारा एक माणूस आहे, किपलिंग विल्यम्स नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. तो एकदा बागेत कुत्र्याला घेऊन बसलेला, दोन अनोळखी जण फ्रिस्बी खेळत होते, ती याच्याजवळ येऊन पडली, याने परत फेकली, त्यांनी याच्याकडे फेकली, असं थोडा वेळ चाललं आणि मग काही न बोलता त्यांनी याच्याकडे फेकणं बंद केलं. झालं एवढंच, पण त्याला इतकं वाईट वाटलं की त्यावरून त्याने कॉम्प्युटरवर चेंडू फेकाफेकीचा एक खेळ तयार केला, तुम्ही आणि आणखी दोघे, सुरुवातीला चेंडू तुमच्याकडे येतो आणि मग येतच नाही. काही मिनिटांचा खेळ, पण माणसं हिरमुसतात. 2003 साली दुसऱ्या एका अभ्यासात हाच खेळ खेळणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले तर शरीराच्या दुखण्यात मेंदूचा जो भाग जागा होतो त्यातलाच एक भाग इथेही जागा झालेला दिसला. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट कुठली वाटली तर, पुढे त्यांनी लोकांना आधीच सांगून बघितलं की बाबांनो समोर माणसं नाहीत, कॉम्प्युटरच आहे, तरीही लोकांना वाईट वाटलंच. म्हणजे मशीनने सुद्धा आपल्याला खेळायला घ्यावं असं वाटतं माणसाला. अन् आपण सहा वर्षांच्या पोराला म्हणतो, त्यात काय एवढं.

*

तर चिऊ तोंड मिटून व्हॅनमध्ये बसून गेली, आणि पुढचे तीन दिवस ती मिटलेलीच होती हे मला तेव्हा दिसलं नाही. मी कामात होते. केकवर कोणतं कार्टून, रिटर्न गिफ्ट पन्नासच्या आतलं की शंभरच्या (या विषयावर आमच्याकडे नवरा-बायकोचं रीतसर भांडण झालं, ते सोडते). आमंत्रणासाठी मी वेगळा ग्रुप केला, वर्गातल्या आयांचा मोठा ग्रुप होता त्यात टाकणं शक्यच नव्हतं. आणि त्या वेगळ्या ग्रुपवरही मी खाली लिहिलं, "छोटंसंच करतोय, तर प्लीज मोठ्या ग्रुपवर नको." सगळ्यांनी अंगठे दाखवले. सगळ्यांना ही भाषा येते.

त्या रात्री आजी, म्हणजे माझी आई, चिऊला झोपवत होती आणि आतून चिऊ-काऊची गोष्ट ऐकू येत होती. पावसात काऊचं शेणाचं घर वाहून जातं, तो येऊन चिऊताईचं दार वाजवतो, आणि ती म्हणते थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते, मग थांब, बाळाला तीट लावते, मग थांब आणखी काहीतरी. हजारदा ऐकलेली गोष्ट. पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की चिऊताई एकदाही "येऊ नको" असं म्हणत नाही. आणि खोटंही बोलत नाही, बाळाला न्हाऊ घालायचं असेलच की तिला. आमचा हॉलही खरंच वीस मुलांचाच होता.

पार्टीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तशाच असतात सगळ्या. गाणी एवढ्या मोठ्याने की आजी कानात बोटं घालून बसली, साहेबांचा मुलगा आलाच नाही (त्यांच्याकडे कोणीतरी येणार होतं ऐन वेळी), म्हणजे एकोणीस झाले आणि एक जागा रिकामी राहिली, ती मला सारखी दिसत होती पण मी दुसरीकडे बघत राहिले. रात्री फोटो स्टेटसला टाकताना मी सेटिंगमध्ये जाऊन मैनाच्या आईला वगळलं. अंगठ्याचं काम, दोन सेकंद. नंतर कोणाकोणाला वगळलं ती यादीच समोर येते, त्यात एकच नाव होतं.

आता खरं सांगायची वेळ आलीय तर सांगते. गणपतीत आमच्या मंडळात मुलांचा नाच बसवला होता मैनाच्या आईने. चिऊला मागच्या ओळीत, तेही खांबाच्या मागे. मी व्हिडिओ काढला त्यात अडीच मिनिटं खांब आहे आणि मध्येमध्ये चिऊचा एक हात येतो. मी तेव्हा काही बोलले नाही, हसून "छान बसवलंस गं" असंच म्हटलं. सप्टेंबर ते जानेवारी मी ते विसरलेय असं मला स्वतःलाही वाटत होतं. यादी करताना वीस नावं झाल्यावर मला जे हायसं वाटलं ना, की चला आता हॉलच भरला, आपल्या हातात काही नाही, ते हायसं वाटणं त्या खांबाचं होतं. साहेबांच्या मुलाला चिऊने जन्मात पाहिलेलं नव्हतं, त्याचं नाव काढता आलं असतं. मी त्या नावावर पेन नेलंसुद्धा नाही.

*

संक्रांतीनंतरच्या शनिवारी गल्लीतल्या एका काकूंकडे हळदीकुंकू होतं आणि त्यातच त्यांच्या नातवाचं बोरन्हाण. बोरन्हाणाला यादी नसते. म्हणजे चालणारच नाही यादी, जितकी पोरं जास्त तितकी मजा, काकू रस्त्यावर गिल्ली-दंडा खेळणाऱ्या अनोळखी पोरांना पण आत ओढून आणत होत्या. काळ्या झबल्यातलं, हलव्याचे दागिने घातलेलं ते गोंडस बाळ पाटावर, वरून चुरमुरे, बोरं, गंडेऱ्या, हलवा आणि आजच्या पद्धतीप्रमाणे टॉफ्या ओतल्या की बाळ भेदरून रडायला लागतं आणि बाकीची पोरं त्याच्या अंगावरून लुटालूट करतात. उत्सवमूर्तीच्याच डोक्यावरून पाहुण्यांचं रिटर्न गिफ्ट ओतायचं ही कल्पना ज्या कोणाला पहिल्यांदा सुचली असेल त्याला नमस्कार.

मैनाची आई आली होती, मैनाही. मी तिला हळदीकुंकू लावलं, अत्तर लावलं, तिळगूळ दिला, "गोड बोल गं" म्हटलं. तिनेही म्हटलं. सगळं कसं व्यवस्थित. तिकडे मुली गंडेऱ्यांची वाटणी करत जमिनीवर बसलेल्या, आणि खोलीत अचानक शांतता होते ना कधीकधी, तशा वेळी मैनाचा आवाज आला.

"तुझा केक कशाचा होता?"

रुसून नाही, टोमणा नाही. केकमध्ये रस होता तिला.

चिऊने माझ्याकडे बघितलं, आणि तिने ओठ आत ओढले.

"सांग ना. चॉकलेटचा?"

चिऊने मान हलवली, हो पण नाही आणि नाही पण नाही, आणि मग तिचा चेहरा एकदम लाल झाला आणि ती एवढ्या मोठ्याने रडली की पाटावरचं बाळ रडायचं थांबून हिच्याकडे बघायला लागलं. रडता रडता म्हणाली, सगळ्यांसमोर, अकरा-बारा बायका वाण हातात घेऊन उभ्या, "आईने सांगितलंय कोणाला सांगायचं नाही!"

मी काय करावं? मी ताटातली बटल्याची कचोरी उचलून खायला लागले. शपथ. तोंडात काहीतरी असलं की बोलावं लागत नाही एवढंच डोक्यात. काकूंनी "अरे अरे, काय झालं, बोर लागलं का डोक्याला" करून वेळ मारून नेली, इंदूरच्या बायका यात तरबेज, लगेच कोणीतरी महाग झालेल्या तिळाचा विषय काढला. मैनाची आई माझ्याकडे बघत नव्हती, आणि ती न बघणं इतकं सभ्य होतं की मला जमिनीत जावंसं वाटलं.

घरी आल्यावर चिऊला विचारलं तेव्हा कळलं की त्या तीन दिवसांत ती व्हॅनमध्ये कोणाशी बोललीच नव्हती. कारण बोललं तर चुकून निघून जाईल तोंडातून. मैना शेजारी बसायची तर ही जागा बदलून पुढे भैयांजवळ जाऊन बसली. "तुला बोलता येत असताना गप्प बसायचं म्हणजे पोट दुखतं," असं म्हणाली. मी समजत होते की या सगळ्यात दुखावली गेली तर मैना जाईल, आणि तिचं बघून घेऊ. माझं पोरगं माझ्या बाजूला होतं ना, यादीच्या आत.

2008 मध्ये स्वीडनमध्ये, लुंडमध्ये, आठ वर्षांच्या एका मुलाने वर्गात बड्डेची आमंत्रणं वाटली, दोन मुलांना सोडून. शाळेने सगळी आमंत्रणं जप्त केली, हा भेदभाव आहे म्हणून. मुलाचा बाप चिडला, म्हणाला त्या दोघांतल्या एकाने माझ्या मुलाला बोलावलं नव्हतं आणि दुसऱ्याशी त्याचं भांडण आहे, आणि तक्रार थेट त्यांच्या संसदेच्या लोकपालाकडे. ही बातमी मला खूप आधी कुठेतरी वाचलेली आठवत होती आणि मी तेव्हा हसले होते, बड्डेसाठी लोकपाल! मी बापाच्या बाजूची होते आणि शाळा अतिशहाणी वाटली होती. त्या शनिवारी रात्री ती परत आठवली आणि वाटलं, त्या पोराने निदान भर वर्गात वाटली. कोणाला नाही दिलं ते सगळ्यांसमोर नाही दिलं, आणि का नाही दिलं ते त्याच्या बापाला माहीत होतं.

*

रविवारी मी मैनाच्या घरी गेले. एकटीच गेले, फोन न करता, कारण फोन केला असता तर तिने "अगं काही नाही गं, कशाला" म्हटलं असतं आणि मी तेवढ्यावर आनंदाने घरी बसले असते. ती गच्चीवर वाळवणाचं बघत होती. मी पाठ करून गेले होते, हॉल, वीस मुलं, पॅकेज. तोंड उघडलं आणि निघालं, "गणपतीत तू चिऊला खांबामागे उभी केलीस."

ती बघतच राहिली. मग म्हणाली, "मैना पण खांबामागेच होती. दुसऱ्या बाजूच्या." मग थोड्या वेळाने, "माझी पोरगी म्हणून पुढे घेतली असं लोक बोलतील म्हणून."

मी म्हटलं चुकलं माझं. आईची रीत. तिने ताणलं थोडं, ताणायलाच हवं होतं, चहा नको म्हणायची पाळी माझी नव्हती म्हणून मी तो मुकाट्याने घेतला. ती बोलली की राग आला होता तिला, पार्टीचा नाही, स्टेटसचा. वहिनीच्या फोनवर दिसलं आणि माझ्या फोनवर नाही, तेव्हा कळलं की तू मुद्दाम बसून मला काढलंस. ते मला नव्हतं सुचलं. हॉलचा हिशोब सांगता आला असता, याचा कुठला सांगणार.

मैनाचं विचारलं तर म्हणाली, "तिला तर आधीच माहीत होतं. व्हॅनमध्ये सगळी पोरं तुमच्या त्या प्ले झोनचंच बोलत होती तीन दिवस. ती घरी येऊन मला म्हणाली, चिऊला काय झालंय, ती बोलत नाहीये, बरं नाहीये का तिला. मी म्हटलं, असेल थंडीमुळे."

घरी येताना मी कितीदा तरी ते वाक्य मनात घोळवलं. वीस जणांच्या यादीत चिऊची चौकशी करणारं कोणी नव्हतं, मीसुद्धा नव्हते.

यंदा घरीच केलं. पॉपकॉर्न सोफ्यात गेले. यादी चिऊने सांगितली आणि मी फक्त लिहून घेतली, अकरा जण, व्हॅनवाले भैया पहिले, मैना दुसरी. आणि या वेळी मी तिला काहीच सांगितलं नाही, सांग म्हणून नाही आणि सांगू नको म्हणूनही नाही. त्याचा परिणाम म्हणजे तिने व्हॅनमध्ये एका मुलाला तोंडावर सांगितलं की तू चावतोस म्हणून तुला नाही बोलावलं. संध्याकाळी त्याच्या आईचा फोन. स्क्रीनवर नाव बघून माझ्या पोटात गोळा, नवऱ्याला म्हटलं तू उचल, तो बाथरूममध्ये पळाला. उचलला. तिकडून आधी काहीच नाही, मग एक मोठा श्वास, आणि म्हणाली, "खरंच चावतो हो. मला पण चावतो. काय करू?"

चाळीस मिनिटं बोललो आम्ही. बारा जण झाले. तो आला, केक खाल्ला, दोन फुगे दातांनी फोडले, आणि मैनाच्या हाताकडे एकदा फार वेळ बघत बसला होता तेव्हा व्हॅनवाल्या भैयांनी त्याला उचलून आपल्या शेजारी बसवलं.